विंडोज १० संपलं: वाचनालयातल्या जुन्या संगणकांवर लिनक्स टाकावं का?

पुस्तकघर

नमस्कार मंडळी,

आमचं तालुक्याच्या गावातलं 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. देणगीतून मिळालेले काही संगणक आहेत. सहाव्या पिढीचे इंटेल आय-३, ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे आमच्या यंत्रांवर ते अधिकृतपणे चढत नाही. समितीच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा 'भंगारात काढू आणि पुढच्या अनुदानाची वाट पाहू' असा सूर होता. मला ते पटत नाही. यंत्रं चालू आहेत, पडदे चांगले आहेत, आणि रोज संध्याकाळी स्पर्धा परीक्षेची मुलं त्यांच्यापुढे बसलेली असतात.

जादा सुरक्षा अद्यतनं घेऊन ऑक्टोबर २०२६ पर्यंत विंडोज १० वर राहता येतं हे माहीत आहे. पण त्याने प्रश्न फक्त पुढे ढकलला जातो.

लिनक्स ही विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत, खुली ऑपरेटिंग सिस्टीम. पेनड्राइव्हवरून तिच्या मिंट या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चालवून पाहिली. हार्ड डिस्कला हात न लावता सगळं तपासता येतं, ही सोय मला फार आवडली. वाय-फाय लागलं, आवाज आला, मोबाइलवरून यूएसबी टेदरिंगही चाललं. जालावर वाचायला गेलं की मात्र बहुतेक ठिकाणी वाद 'कोणती डिस्ट्रो', म्हणजे लिनक्सचा कोणता प्रकार, यावरच अडलेला दिसतो. मिंट की उबुंटू, डेबियन की फेडोरा. माझ्या मते आमच्यासारख्यांनी आधी कामांची यादी करावी आणि डिस्ट्रोचं नंतर पाहावं. आमची यादी अशी: ऑनलाइन अर्ज भरणं, फोटो-सही ठरावीक केबीत बसवणं, हॉल तिकीट छापणं, ई-पेपर वाचणं, पुस्तकांची नोंद ठेवणं आणि मराठीत पत्रव्यवहार. शेवटच्या दोन कामांची मला जास्त काळजी आहे. ज्यांनी रोजच्या कामासाठी लिनक्स वापरलंय त्यांनी, विशेषतः मराठीत काम करणाऱ्यांनी, कृपया सविस्तर लिहावं.

सह्यकडा

मिंटच घ्या. २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत पाठिंबा आहे. ४ जीबीत एक्सएफसीई बरं चालेल, पण ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की कोणतीही सिस्टीम दमते.

पैसे थोडेच असतील तर ते एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर, घाला. फिरती डिस्क काढून साधी २४० जीबीची एसएसडी बसवली की जो फरक पडतो तो सिस्टीम बदलूनही पडत नाही. शिवाय प्रत्येक यंत्राची सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी तपासा. ती मेली असेल तर घड्याळ मागे जातं, मग ब्राउझर प्रमाणपत्रं नाकारतो आणि लोक म्हणतात लिनक्सवर नेट चालत नाही.

वाचनालयासाठी आणखी एक. मिंटच्या 'लॉगिन विंडो' सेटिंगमध्ये पाहुण्यांचं सत्र चालू करता येतं. मुलगा बसला, अर्ज भरला, बाहेर पडला की त्याची डाउनलोड केलेली कागदपत्रं आणि ब्राउझरमधलं लॉगिन सगळं पुसलं जातं. सार्वजनिक संगणकावर लोक आधार कार्डाच्या प्रती तशाच सोडून जातात, त्यामुळे हे जरूर करा.

फोटो-सहीसाठी गिंप हे चित्रं संपादित करायचं मोफत साधन. जेपीईजी निर्यात करताना गुणवत्तेची पट्टी सरकवली की फाइल किती केबीची होणार ते तिथेच दिसतं, फक्त पूर्वदृश्याच्या चौकटीत खूण करायला विसरू नका. मुलं हे पहिल्याच वेळी शिकतात.

कळफलक

मराठीबद्दल मी लिहितो. गेली बरीच वर्षं माझं सगळं मराठी लेखन लिनक्सवरच होतंय.

सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस हे वेगवेगळ्या भाषांत टाइप करायचं साधन आणि त्याचा एम१७एन हा भाग बसवा. मग आयबसच्या पसंतीत जाऊन मराठी निवडा. इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची कळांची मांडणी आहे, आणि रोमन अक्षरांतून लिहिणाऱ्यांसाठी आयट्रान्स व फोनेटिकही आहेत. तुमच्या मुलांना सरकारी परीक्षांसाठी टंकलेखन लागणार असेल तर इनस्क्रिप्टच शिकवा. ही मांडणी १९८६ मध्ये प्रमाण म्हणून ठरली आणि विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड सगळीकडे तीच आहे. एकदा बोटांत बसली की यंत्र बदललं तरी अडत नाही.

नेहमीची अडचण म्हणजे सुऱ्या, दऱ्या, तऱ्हा यांतला अर्धा र. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबा, म्हणजे ऱ येईल. मग डी दाबून हलन्त, मग य. 'ऱ्य' बरोबर उमटतो. साध्या र वरून गेलात तर 'र्य' होतो आणि 'सुऱ्या'चा 'सुर्या' होऊन बसतो.

दुसरी गोष्ट ल आणि श यांच्या वळणाची. नोटो या मोफत फाँट-संचातल्या देवनागरी फाँटमध्ये मराठी वळण वेगळं दिलेलं आहे, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे फाँटला कळावं लागतं. लिबरऑफिस या मोफत ऑफिस-साधनाच्या भाषेच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'साठी (देवनागरीसारख्या लिप्यांचा विभाग) मराठी निवडा. ते हिंदीवर राहिलं की ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात, आणि सूचनाफलकावर ते मोठ्या अक्षरांत खुपतं. बहुतेक लोक हे सेटिंग उघडतच नाहीत आणि फाँटला दोष देतात.

फाँट भरपूर आहेत. लोहित देवनागरी रेड हॅटने खुल्या परवान्याने दिला. मुक्ता हा मुंबईच्या एक टाइपचा आहे, त्याच्या वेगवेगळ्या जाड्या मिळतात आणि शीर्षकांना तो छान दिसतो.

छपाईखाना

मी वेगळं मत मांडतो. माझा डीटीपी आणि ऑफसेटचा व्यवसाय आहे. पत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक, पतसंस्थांचे अहवाल. लिनक्सवर माझं काम होत नाही. कोरल ड्रॉ आणि पेजमेकर या मांडणीच्या प्रोग्रॅममधल्या वर्षानुवर्षांच्या फाइली आहेत, त्यांतले मराठी फाँट जुन्या पद्धतीचे आहेत, आणि ऑपरेटरचा हात त्याच मांडणीवर बसलाय. इंकस्केप वापरून पाहिलं. चित्रं काढायला उत्तम आहे, पण त्यात मुळात सीएमवायके ही छपाईच्या चार शाईंची रंगपद्धत नाही आणि प्लेटला मला तेच लागतं. स्क्रायबस हा पानं मांडायचा मोफत प्रोग्रॅम सीएमवायके देतो, पण माझ्या जुन्या फाइली तो उघडत नाही.

तुम्ही लोक उत्साहाने सल्ला देता ते चांगलंच आहे. पण धंद्यात उद्या सकाळी पत्रिका द्यायची असते, हेही लिहिलं गेलं पाहिजे.

जमाखर्च

छपाईखान्यांशी सहमत, माझ्या क्षेत्रापुरतं. टॅली विंडोजसाठीच आहे. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लागत असेल तर त्याच्या उत्पादकाचा लिनक्स ड्रायव्हर आहे का, आणि ज्या संकेतस्थळावर सही करायची तिथलं सहीचं साधन लिनक्सवर चालतं का, हे दोन्ही आधी पाहा. एक असून दुसरं नसेल तर उपयोग शून्य. पुस्तकघर, वाचनालयाचा हिशेब आणि ऑडिट ज्या यंत्रावर होतं ते एक यंत्र विंडोजवरच ठेवा. सगळी एकदम बदलायचा हट्ट नको.

पुस्तकघर

सर्वांचे आभार. जमाखर्च, तुमचा सल्ला मान्य. कार्यालयातला संगणक नव्या पिढीचा आहे, तो विंडोज ११ वर राहील.

छपाईखाना, तुमच्या प्रतिसादाने माझ्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. आमच्याकडे दाखलनोंदीची जुनी यादी आणि स्मरणिकांच्या फाइली आहेत. गावातल्या जुन्या लेखकांच्या आठवणी, बंद पडलेल्या हस्तलिखित मासिकाची सूची, व्याख्यानमालेच्या वक्त्यांची यादी. सगळं जुन्या फाँटांत. छापील प्रत आहे, पण संगणकात शोधायला गेलं तर एक नावही सापडत नाही. हे कसं सोडवायचं?

कळफलक

हा प्रश्न लिनक्सपेक्षा जुना आहे, आणि माझ्या मते तुमच्या सगळ्या धाग्यात हाच सर्वांत महत्त्वाचा.

जुन्या फाँटांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असायची. फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची माळ असते, फाँट लावला की ती मराठी दिसते. प्रत्येक कंपनीची बसवणूक वेगळी, त्यामुळे एका फाँटचा मजकूर दुसऱ्यात टाकला की कचरा होतो. शोध लागत नाही तो यामुळेच. संगणकाच्या लेखी तिथे मराठी नाहीच.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणताना दोन जागी जास्त फसगत होते. पहिली वेलांटी जुन्या फाँटांत अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं उलट. 'कीर्ती' मध्ये जुना फाँट आधी 'ती' ठेवतो आणि मग वर रफार. युनिकोडमध्ये र् आधी आणि त मागून. म्हणून नुसतं 'हे अक्षर काढा, ते घाला' करून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. 'र्त्नि' सारखी वेलांटी, रफार आणि जोडाक्षर एकत्र आलेली जागा आली की साधे परिवर्तक चुकतात.

छपाईखाना, तुमची अडचण खरी आहे आणि मी ती कमी लेखत नाही. पण जरा याकडेही पाहा. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, २००१ ची. त्यानंतर अडोबीने तो पुढे नेला नाही. तुमच्या फाइली आज ज्या खोलीत आहेत तिची किल्ली तुमच्याकडे नाही. विंडोज वापरा, मॅक वापरा, पण नवा मजकूर तरी युनिकोडमध्ये टाइप करा. स्क्रायबसबद्दल सांगायचं तर १.६ या २०२४ च्या स्थिर आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळतात, त्याआधीच्या स्थिर आवृत्तीत जुळत नव्हती. तुम्ही पूर्वी पाहिला असेल तर नवा एकदा पाहा.

छपाईखाना

स्क्रायबस मी जुनाच पाहिला होता. नवीन बघतो. पण एवढं सांगतो, युनिकोडला आमच्यासारख्यांचा विरोध नाही. छपाईला लागणारे वळणदार फाँट आणि जुन्या कामाची पुनर्मुद्रणं यांच्यामुळे आम्ही अडकलोय. ग्राहक मागच्या वर्षीचीच पत्रिका तारीख बदलून मागतो.

नवखी

माझा प्रश्न कदाचित प्राथमिक असेल. सगळा कोड उघडा आहे आणि कोणीही बदल सुचवू शकतं, मग वाईट हेतूचा माणूस आत शिरणार नाही का? आमच्या बँकेतले सहकारी म्हणतात, फुकट ते असुरक्षित.

सह्यकडा

प्रश्न रास्त आहे. असं घडलेलंही आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, फाइली आवळणाऱ्या एका छोट्या साधनात चोरवाट सापडली. घालणाऱ्याने दीर्घकाळ प्रामाणिकपणे काम करून विश्वास मिळवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं, त्याने मुळापर्यंत शोध घेतला आणि २९ मार्चला सगळं उघड केलं. तोवर ते डेबियनच्या चाचणी शाखांपर्यंत पोचलं होतं, स्थिर आवृत्तीत गेलं नव्हतं. यातून मी दोन्ही गोष्टी घेतो. उघड्या कोडमुळे त्याला मुळापर्यंत जाता आलं. आणि इतकं महत्त्वाचं साधन जवळजवळ एकट्या थकलेल्या स्वयंसेवकाच्या खांद्यावर होतं, ही आपल्या सगळ्यांनी गंभीरपणे घेण्याची बाब आहे. जमेल त्यांनी या प्रकल्पांना थोडी का होईना देणगी द्या.

घरगुती वापरात धोका बहुधा वेगळ्या दारातून येतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच संकेतस्थळावर घुसखोरी होऊन डाउनलोडचा दुवा बदलला गेला आणि काही काळ लोकांना छेडछाड केलेली फाइल मिळत होती. म्हणून आयएसओ, म्हणजे मिंट बसवायची फाइल, उतरवल्यावर तिची एसएचए-२५६ बेरीज (फाइलीच्या मजकुरावरून निघणारी तिची खूण) मिंटने दिलेल्या बेरजेशी जुळवा, आणि त्या बेरजेच्या फाइलीवरची डिजिटल सहीही तपासा. कशी ते मिंटच्या सूचनांत दिलंय. ही पायरी गाळू नका. पुस्तकघर, तुम्ही एकच पेनड्राइव्ह सगळ्या यंत्रांना लावणार आहात, तेव्हा तुम्ही तर नक्कीच करा.

शाळेतली

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आपल्याकडे अडचण यंत्राची कमी आणि सवयीची जास्त आहे असं मला वाटतं. एमएस-सीआयटीने महाराष्ट्रात लाखो लोकांना संगणकाजवळ आणलं, हे त्याचं मोठं काम. पण त्या पिढीसाठी संगणक म्हणजे विंडोज आणि एमएस ऑफिस. बटण दुसऱ्या जागी दिसलं की हात थांबतो.

केरळने सरकारी शाळांत सुरुवातीलाच मुक्त सॉफ्टवेअर आणलं. २००१ मध्ये आयटी अॅट स्कूल हा प्रकल्प सुरू झाला, आज त्याचं नाव काइट. शाळांसाठी ते उबुंटूवर आधारलेली स्वतःची सिस्टीम काढतात, त्यात मल्याळम आणि जिओजेब्रासारखी शिकवायची साधनं आधीच बसवलेली असतात. शिक्षकांचं प्रशिक्षणही त्याच सिस्टीमवर. मुलांना तिथे बदलावं काही लागलंच नाही, कारण सुरुवातच तिथून झाली. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ मध्ये बॉस हे भारतीय लिनक्स काढलं, संस्थेचं मुख्यालय पुण्यात, पण आमच्या तालुक्यातल्या शाळांत ते मी वापरात पाहिलेलं नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल जरूर वापरा. लिनक्स आणि लिबरऑफिसवरचे छोटे व्हिडिओ, मराठी निवेदनासह, मोफत. मुलं एका खिडकीत व्हिडिओ लावतात, दुसऱ्या खिडकीत करून पाहतात. तुमच्या वाचनालयात हे व्हिडिओ संगणकावरच उतरवून ठेवलेत तर नेट नसतानाही चालतील.

स्वरवाचक

मी दृष्टिहीन आहे. या धाग्यात आमच्या सोयीचा विषय निघाला नाही म्हणून लिहितोय.

लिनक्सवर ऑर्का हे पडदा वाचून दाखवणारं साधन आहे. गनोम या डेस्कटॉपमध्ये सुपर (विंडोजची कळ), आल्ट आणि एस एकदम दाबलं की ते सुरू होतं. मराठीसाठी ईस्पीक एनजी आहे. आवाज यांत्रिक आहे, सवय करावी लागते, पण विंडोजवर एनव्हीडीए या मोफत साधनासोबत येणारं यंत्रही हेच, त्यामुळे मला कान नव्याने तयार करावा लागला नाही. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस ऑर्कासोबत चांगले चालतात. पण प्रामाणिकपणे सांगतो, माझ्या वापरात एनव्हीडीए अजून पुढे आहे, विशेषतः गुंतागुंतीच्या अर्जांमध्ये. ज्यांना चांगलं दिसतं त्यांनी ठरवताना दृष्टिहीन वाचकासाठी एका यंत्रावर विंडोज आणि एनव्हीडीए राहील एवढं पाहावं. आणि लिनक्सच्या यंत्रांवर ऑर्का काढून टाकू नये. जागा वाचवायच्या नादात ते पहिलं जातं.

पुस्तकघर

स्वरवाचक, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. कार्यालयातल्याच यंत्रावर एनव्हीडीए बसवून ते दुपारी वाचकांसाठी मोकळं ठेवता येईल. हेडफोनही ठेवतो.

उत्तरसमुद्र

मी जर्मनीत कील शहरात राहतो. इथल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० सरकारी संगणक लिबरऑफिसवर आणि पुढे लिनक्सवर न्यायचं ठरवलं. याआधी म्युनिकने २००३ मध्ये तसाच निर्णय घेतला होता, बरीचशी यंत्रं लिनक्सवर नेली आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं. म्हणून आमचं राज्य आधी कागदपत्रांचं स्वरूप आणि ऑफिसची साधनं बदलतंय, ऑपरेटिंग सिस्टीम नंतर. मला हा क्रम तुमच्यासाठीही योग्य वाटतो. विंडोजवरच लिबरऑफिस बसवा, कर्मचाऱ्यांची सवय होऊ द्या, पत्रं ओडीटी या खुल्या स्वरूपात ठेवा. मग खालची सिस्टीम बदलली तरी कोणाला फारसं जाणवत नाही.

सह्यकडा

उत्तरसमुद्र, +१.

पुस्तकांच्या नोंदीबद्दल कोणी लिहिलं नाही. कोहा हे ग्रंथालयाचं मोफत सॉफ्टवेअर पाहा. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या ग्रंथालयांसाठी ते बनलं आणि २००० मध्ये वापरात आलं. डेबियनवर चालतं आणि ब्राउझरमधून वापरायचं, म्हणजे एका यंत्रावर बसवलं की बाकीच्यांवर काही टाकायला नको. मराठी शीर्षकं युनिकोडमध्ये जातात, शोध लागतो. पण ते बसवायला आणि त्याचा बॅकअप सांभाळायला जाणकार माणूस लागतो. तो नसेल तर एनआयसी या केंद्र सरकारच्या संस्थेचं ई-ग्रंथालय. त्याची चौथी आवृत्ती ब्राउझरमधूनच चालते, तेव्हा लिनक्सवरही अडचण येऊ नये.

एखाद्या यंत्रावर दोन्ही सिस्टीम ठेवणार असाल तर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. बिघाड नाही. लिनक्स यंत्रातलं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की जुळतं. आणि डिस्कची विभागणी करण्याआधी विंडोजमधलं बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) आणि फास्ट स्टार्टअप (झटपट सुरू होण्याची सोय) बंद करा.

पुस्तकघर

समितीपुढे ठेवायचा प्रस्ताव असा लिहितोय. वाचकांसाठीच्या यंत्रांवर एसएसडी आणि मिंट एक्सएफसीई, पाहुण्यांच्या सत्रासह. कार्यालयातलं यंत्र विंडोजवर, त्यावर लिबरऑफिस आणि एनव्हीडीए. ई-ग्रंथालयासाठी चौकशीचं पत्र. शाळेतलीताई, व्हिडिओ उतरवून ठेवायचं काम आमच्या अभ्यासिकेतली दोन मुलं करायला तयार आहेत.

स्मरणिकांचं मात्र मार्गी लागलेलं नाही. फाँट कोणता होता हे छापणाऱ्या माणसालाच ठाऊक, आणि तो छापखाना आता बंद झालाय. छपाईखाना, तुम्ही फाइल पाहून सांगू शकाल का?

छपाईखाना

पाहून सांगतो. मूळ फाइल लगेच उघडू नका, आधी सगळ्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा. कुठे जुनी पीडीएफ असेल तर ती उघडून गुणधर्मांमध्ये फाँटचा विभाग पाहा, नावं तिथे येतात. पीडीएफ नसेल तर पेजमेकरच्या दोन-तीन फाइली आणि त्याच पानांचे छापील प्रतीवरून काढलेले फोटो मला संदेशातून पाठवा. माझ्याकडे त्या काळातले बरेच फाँट आहेत, ताडून बघता येईल. एकदा नाव कळलं की मजकूर बाहेर काढून कळफलकांकडे देऊ, ते क्रम फिरवतील. रफार आणि वेलांट्या छापील प्रतीशी ताडून वाचायला मात्र माणसं लागतील, ती तुम्ही गोळा करा.

कळफलक

मी तयार आहे. आधी दाखलनोंदीची यादी घेऊ. तिच्यात शब्द परत परत तेच येतात, त्यामुळे परिवर्तक कुठे चुकतोय ते लवकर कळेल. स्मरणिका त्यानंतर.